कुराण निर्मित की अनादि?

प्रश्न : कुराण निर्मित की अनादि, हा वाद बगदादमध्ये एवढा का पेटला?

उत्तर : ईश्वराखेरीज दुसरे काही अनादि मानल्यास एकेश्वरवादाला बाध येतो, म्हणून कुराण निर्मितच असले पाहिजे, असा मुअतझिला या तर्काला प्राधान्य देणाऱ्या इस्लामी पंथाचा युक्तिवाद होता, विरोधकांच्या मते वाणी हा ईश्वराचाच गुण असल्याने ती निर्मित म्हणता येत नाही. कुराण निर्मित मानणाऱ्या खलिफा अल-मामूनने ८३३ मध्ये काझी व विद्वानांची याच प्रश्नावर चौकशी आरंभली आणि तत्त्वचर्चेला राजनिष्ठेच्या परीक्षेचे रूप आले. कुराण निर्मित न मानणारे धर्मविद्वान अहमद इब्न हंबल यांनी तुरुंगवास व फटके सोसले, पण मत बदलले नाही. तर्काचा आग्रह धरणाऱ्यांनी सक्तीचा आधार घ्यावा, हे विचित्रच. पुढे अशअरी या इस्लामी धर्मविचाराच्या परंपरेने वाणी अनादि, तिचे उच्चार व अक्षरे मात्र निर्मित, अशी मांडणी केली. इब्न हंबल यांना मानणाऱ्या हंबली विद्वानांना तीही पटली नाही.