योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपवासात पाणी तरी चालतं का?

नाही, पाण्याचा थेंबही नाही. आपल्या उपवासासारखी साबुदाण्याची खिचडी, फळं, चहा असं काहीच नसतं. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 10 तारखेचा हा उपवास आदल्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी तारे दिसल्यावर सुटतो, म्हणजे साधारण 25 तास. आंघोळ, अत्तर आणि चामड्याची पादत्राणंही वर्ज्य. म्हणून सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसं पायात कापडी किंवा रबरी चपला घालून आलेली दिसतात. मात्र जिवाला धोका असेल तर खायलाच हवं. धर्माचीच तशी आज्ञा आहे.

पण नुसत्या उपाशीपोटी क्षमा मिळत नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. देवाचा अपराध केला असेल तर देव क्षमा करील. माणसाला दुखावलं असेल, तर आधी त्याच्याकडे जाऊन माफी मागायची, नुकसान भरून द्यायचं. त्यामुळे या दिवसाच्या आधी लोक रुसलेल्या भावाकडे, शेजाऱ्याकडे मुद्दाम जातात.

शेवटची प्रार्थना नेइला, म्हणजे दारं मिटण्याची वेळ. ती संपली की मेंढ्याच्या शिंगाचं शोफार एकदा लांबवर फुंकतात.

आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, या दिवसाला पूर्वापार ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. दार लावून घरात प्रार्थना करायची, कुणाशी व्यवहार नाही. दुसरा दिवस ‘शिळा सण’, त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म.