पहिलं जहाज विनाशिकाच असू द्या

जहाजाचं पहिलं प्लास्टिक मॉडेल म्हणून तुमच्या मनात यामातो ही जपानी युद्धनौका भरली आहे, ते समजतं. पण पहिल्यांदा ती नकोच. मूळ जहाज २६३ मीटरचं. १/३५० मध्ये, म्हणजे मूळच्या साडेतीनशेव्या भागाएवढं केलं, तरी ते पाऊण मीटर होतं आणि तिच्या विमानविरोधी तोफा लावतानाच नवख्याचा धीर सुटतो.

१/७०० मधली अमेरिकन फ्लेचर वर्गाची विनाशिका घ्या. जेमतेम सोळा सेंटिमीटर. वॉटरलाइन किट असेल तर पाण्याखालचा भाग जोडायचाही प्रश्न नाही. ती पूर्ण होते, आणि सुरुवातीला तेच हवं.

- किटच्या प्लास्टिक चौकटीतून सुटे भाग हाताने तोडू नका. निपरने (छोट्या कटरने) थोडं लांबून कापा, उरलेला कोंब घासून काढा.
- पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा द्रव गोंद, ब्रशच्या टोकानेच लावा. जास्त झालं की प्लास्टिक विरघळतं, डेकवरचे बारीक तपशील बुजतात.
- सगळं चिकटवून मग रंगवणं ही सर्रास होणारी चूक. तोफांच्या मागे ब्रश पोहोचत नाही. डेक आधी रंगवा, वरचे मजले वेगळे रंगवून बसवा. रंग पातळ, दोन हात.
- डोलकाठी अगदी शेवटी, नाहीतर हात लागून मोडतेच.

पितळी कठडे, दोऱ्या, गंजाच्या छटा सध्या बाजूला ठेवा. किट हातात आलं की सांगा, रंग मिळून ठरवू.