बेअरिंग का बसलं नाही?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, पण सतत कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टची ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर, डिझाइन करत बसतो. ऑनलाइन सेवेकडून अ‍ॅल्युमिनियमचा पार्ट बनवून घेतला, ३८०० रुपये गेले आणि त्यात ६०८ नंबरचं बेअरिंग बसलंच नाही. रागाने मी तो भंगारात दिला, लॅपटॉप कुलपात ठेवला. तो म्हणतो, आता वर्कशॉपची गरजच नाही, फाइल पाठवली की पार्ट घरी. त्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगकडे कसं वळवू? – एक पालक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातला भंगारवाला मला फार खटकला. चुकलेला पार्ट म्हणजे ३८०० रुपये भरून घेतलेला धडा होता. तुम्ही तो किलोच्या भावाने विकलात. रक्कम लहान नाही, कबूल. पण क्लासची फी भरून पेपर अवघड गेला, तर आपण वह्या रद्दीत घालतो का? लॅपटॉप आजच परत द्या. बेअरिंग का बसलं नाही, हे तुम्ही त्याला विचारलेलंही दिसत नाही.

माझा अंदाज सांगतो. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास २२ मिमी, म्हणून त्याने भोकही २२ चंच काढलं असणार. पण कॅडमधून पाठवायच्या स्टेप फाइलमधून सहसा नुसता आकार जातो. टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल हे, लिहिलेलं ड्रॉइंग सोबत नसेल, तर सर्वसाधारण टॉलरन्स धरतात. आयएसओ २७६८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मध्यम वर्गात या मापाला ±०.२ मिमी चालतं. म्हणजे भोक २१.८ आलं तरी पार्ट पास! एच७ ही भोकासाठीची काटेकोर टॉलरन्सची खूण लिहिली असती तर ते २२.००० ते २२.०२१ मध्ये आलं असतं.

त्यामुळे ‘वर्कशॉपची गरज नाही’ हे चिरंजीवांचं म्हणणं साफ चूक. शेडवरचा मिस्त्री फोन करून विचारतो, “इथं बेअरिंग बसवायचंय का?” वेबसाइट बहुतेक वेळा नुसता भाव सांगते. फाइल पाठवून काम करून घेणाऱ्याला मशीनची जाण जास्तच लागते.

सीईटी, जेईई देऊ द्या. कॉम्प्युटरचा हट्ट मात्र सोडा. तो तुमचा आहे, त्याचा नाही. परीक्षा संपली की कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या शेडमध्ये त्याला महिनाभर पाठवा. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम ही साचे-हत्यारं बनवणारी आणि ते काम शिकवणारी सरकारी संस्थाही दोघांनी बघून या.

त्याआधी भंगारवाल्याकडे जा. पार्ट अजून असेल तर घेऊन या आणि भोक व्हर्नियरने मुलालाच मोजू द्या.