गाजलेली कादंबरी रंगमंचावर आणताना काय ठेवावं, काय गाळावं?

साडेचारशे पानांची अभिजात कादंबरी दोन तासांच्या नाटकात बसवायची आहे, तर काय काय गाळू, असं तुम्ही विचारलंय. मी रूपांतरं करत आलोय, म्हणून आग्रहाने सांगतो, गाळण्याचा विचार जरा मागे ठेवा. आधी ठरवा, कादंबरीतला निवेदक तुमच्या नाटकात कुठे जाणार?

मोठ्या कादंबरीची ताकद बरेचदा घटनांपेक्षा त्या सांगणाऱ्या आवाजात असते. तो माणसांच्या मनात शिरतो, एका परिच्छेदात वीस वर्षं ओलांडतो, मध्येच थांबून स्वतःचं मत देतो. रंगमंचावर यातलं काहीच आयतं मिळत नाही. तिथे जे घडतं ते आत्ता, डोळ्यांसमोर. निवेदकाला नुसतंच बाहेर काढलं तर हाती कथानकाचा सांगाडा उरतो, आणि 'गोष्ट तीच होती, पण पुस्तकासारखी रंगली नाही' असं ऐकावं लागतं.

एक मार्ग म्हणजे निवेदन उघडपणे ठेवायचं. डेव्हिड एडगर यांनी डिकन्सच्या 'निकोलस निकलबी'चं रूपांतर केलं तेव्हा (रॉयल शेक्सपिअर कंपनी, १९८०) निवेदन नटांमध्येच वाटून दिलं. नट स्वतःच्या पात्राबद्दल तृतीयपुरुषात बोलायचा आणि पुढच्या क्षणी तेच पात्र होऊन जायचा. प्रयोग दोन भागांत मिळून साडेआठ तासांचा होता. एवढा वेळ तुम्हाला कोणी देणार नाही, पण ही युक्ती दोन तासांतही चालते.

दुसरा मार्ग अवघड आहे, पण मला तोच जास्त प्रिय आहे. निवेदन कृतीत मुरवायचं. समजा, कादंबरीत वाक्य आहे, 'वडील अंथरुणाला खिळले होते, तरी त्यांच्या धाकाने त्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.' हे कुणाच्याही तोंडी घालू नका. बाहेरचा एक माणूस आणा आणि त्याला दारातच खळखळून हसू द्या. घरातले सगळे एकदम आतल्या बंद दाराकडे बघतात. सून हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवते. पाहुण्याचं पुढचं वाक्य आपोआप खालच्या पट्टीत येतं. अर्ध्या मिनिटात सगळं कळलं, आणि वडील अजून दिसलेलेही नाहीत!

आता तुमचा प्रश्न. ज्या पानाला अशी कृती सापडत नाही आणि ज्याच्यावाचून पुढचा प्रवेश अडत नाही, ते पान जाऊ द्या, कितीही लाडकं असलं तरी. एकच काम करणारी दोन पात्रं असतील तर त्यांचं एक करा.

प्रथमपुरुषी कादंबरी सोपी वाटते, तिथे जास्त सांभाळा. 'मृत्युंजय' सहा जणांच्या निवेदनांतून उभी राहते. तेच सहा जण एकामागून एक येऊन बोलू लागले तर त्याचं अभिवाचन होईल, नाटक होणार नाही. बोलणाऱ्याला समोर कोणीतरी हवं, आणि त्याच्याकडून काहीतरी हवं असायला हवं.

जयवंत दळवींनी 'अंधाराच्या पारंब्या' या स्वतःच्याच कादंबरीवरून 'बॅरिस्टर' लिहिलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, प्रवेशागणिक. रूपांतरावरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त हाती लागेल.

आणि पहिला खर्डा लिहिण्याआधी हक्कांचं बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, बऱ्याच देशांत ७०. मूळ कादंबरी मुक्त झाली असली तरी तुम्ही तिच्या मराठी अनुवादावरून काम करत असाल तर त्या अनुवादाचे हक्क वेगळे असतात. परवानगी लेखी घ्या, आणि तीत 'नाट्यरूपांतर व प्रयोग' असा स्पष्ट उल्लेख करून घ्या.