शेततळ्यात तिलापियाचं बीज कधी सोडायचं?

दादा, नोव्हेंबरात तिलापिया माशाचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, सोडू नका. इंदापूर-दौंडकडे थंडीच्या रात्रींनी उघड्या तळ्याचं पाणी २० अंशांखाली जाऊ शकतं. मासा खाणं सोडतो आणि टाकलेलं खाद्य तळाशी कुजून माशांना घातक असा अमोनिया वाढतो. फेब्रुवारीअखेर, पाणी २५ अंशांवर टिकायला लागलं की सोडा. मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना आधीच काढा. बीज फक्त नरांचंच घ्या, नाहीतर काही महिन्यांत तळं पिल्लांनी भरतं आणि विक्रीच्या वजनाला फारसं काही पोचत नाही. बीज आणलेली पिशवी १५-२० मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगू द्या, मगच उघडा. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत हवाच, कारण रात्री शेवाळही प्राणवायू ओढतं. पहाटे मासे वर तोंड काढताना दिसले, तर सकाळचं खाद्य बंद.