ॲनिमेशन फिल्ममध्ये मोशन कॅप्चर वापरणं म्हणजे चीटिंग आहे का?

चीटिंग कसलं ओ, उलट डोक्याला ताप असतो तो. अंगावर मार्कर, म्हणजे ठिपके, लावलेल्या खऱ्या माणसाची हालचाल कॅमेऱ्यांनी टिपून ती पात्राला द्यायची, ते मोशन कॅप्चर, थोडक्यात मोकॅप. मी गोव्यात डिचोलीत बसून ॲनिमेशनची फुटकळ कामं करतो, आणि मुळात कीफ्रेमवाला, म्हणजे माउसने पात्राचा हात एकेका पोजला नेऊन ठेवायचा, मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरतं, पण ते भरलेलं बहुतेक वेळा भिकार असतं म्हणून परत हालचालीचे कर्व्ह (आलेखाच्या रेषा) ओढत बसायचं. सेकंदाला २४ फ्रेम, दिवसभरात दोन-तीन सेकंद धड झाले तरी खूष.

मोकॅप एकदाच केलंय. एका कामात घोडेमोडणी, म्हणजे कंबरेला लाकडी घोडा बांधून करतात तो आमच्याकडचा नाच, दाखवायची होती, तर शिगम्यात (आमची होळी) दरवर्षी नाचणाऱ्या मित्रालाच मार्करवाला सूट चढवला. आता कंबरेला घोडा बांधल्याशिवाय त्याला नाच सुचेना, आणि घोडा बांधला की कंबर-मांड्यांचे मार्कर कॅमेऱ्याला दिसेनात! शेवटी घोड्याचं कापड फेडून नुसती चौकट बांधली. डेटा आला तर पाय जमिनीवर घसरतायत, बोटं तर नाहीतच, ते साफ करण्यात दोन आठवडे गेले. पण उडी घ्यायच्या आधी तो एक खांदा किंचित पाडतो, घोड्याचं वजन सावरायला, ते मला बसल्याजागी सात जन्मात सुचलं नसतं. घोड्याची मान मात्र मी हातानेच केली, खऱ्यापेक्षा दुप्पट उसळवली, कारण चौकट जशी हलली तशीच ठेवली तर लाकूडच वाटत होतं. (लाकूडच होतं म्हणा.)

मोठ्या फिल्मांचंही तेच. 'हॅपी फीट'मधल्या पेंग्विनचा टॅप डान्स (बुटांनी ताल धरायचा नाच) सॅव्हियन ग्लोव्हर या टॅप डान्सरच्या पायांचा आहे, मोकॅपने घेतलेला, आणि २००६ च्या त्या फिल्मला ऑस्कर मिळालं. उलट २००४ च्या 'पोलर एक्सप्रेस'मध्ये टॉम हँक्ससारखा नट एकटा कितीतरी रोल करतो तरी माणसं बघून अंगावर काटा येतो, डोळे निर्जीव वाटतात, कारण चेहऱ्यावर ठिपके चिकटवता येतात, बुबुळावर कुठे चिकटवणार? आपल्याकडे रजनीकांतचा 'कोचडैयान' २०१४ मध्ये आला, त्यातही चेहरे मेणाचेच वाटले मला.

पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओवाल्यांनी तर २००७ मध्ये 'रॅटाटुई' या उंदराच्या फिल्मच्या शेवटी पाटीच लावली की हे शंभर टक्के अस्सल ॲनिमेशन आहे, मोशन कॅप्चर वापरलेलं नाही. जरा भाव खाल्ला, पण उंदराला सूट घालणार कोण, हेही खरंच. ऑस्करवाल्यांनीही २०१० मध्ये नियमात घातलं की नुसतं मोशन कॅप्चर म्हणजे ॲनिमेशन धरणार नाही, आणि ते मला पटतं.

तुम्ही स्वतः काही करणार असाल तर नाच-मारामारी असेल, पात्र माणसासारखं असेल, तर मोकॅप घ्या आणि साफसफाईला शूटिंगच्या कितीतरी पट वेळ धरा. पात्र उंदीर, किटली, नरकासुर असलं काही असेल तर सरळ कीफ्रेमने करा.