वाचकांचे प्रश्न : लिनक्ससाठी मदरबोर्ड घेताना ग्राफिक्स कुठे शोधायचं?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. घरासाठी नवा डेस्कटॉप असेंबल करून त्यात लिनक्स मिंट टाकायचं आहे. गेम खेळायचे नाहीत. लिब्रेऑफिस, यूट्यूब आणि थोडं फोटोंचं काम एवढंच. दुकानदाराच्या कोटेशनवर एच६१० मदरबोर्ड, कोअर आय५-१२४००एफ आणि १६ जीबीची एक रॅम आहे. ‘बोर्डावर एचडीएमआय आहे, ग्राफिक्स कार्डाची गरज नाही,’ असं तो म्हणतो. घेऊ का?
– एक शिक्षिका, मिरज

उत्तर : या कोटेशनवर आगाऊ रक्कम देऊ नका. अडचण प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या ‘एफ’मध्ये आहे. इंटेलच्या एफ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो. मशीन सुरू होईल, पंखे फिरतील, पण स्क्रीन काळीच राहील आणि मग वेगळं कार्ड विकत घ्यावं लागेल.

‘ऑनबोर्ड ग्राफिक्स’ हा शब्द जी३१, जी४१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) काळातला. तेव्हा ग्राफिक्स खरोखरच बोर्डावरच्या चिपमध्ये असे. २०१० मध्ये इंटेलने ते प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आणलं आणि २०११ च्या सँडी ब्रिजपासून ते प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आलं. आज बोर्डाकडे असतं ते फक्त केबल लावायचं भोक. म्हणून आधी प्रोसेसर ठरवायचा, बोर्ड नंतर.

एफ नसलेला आय५-१२४०० मागा. त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे. तुमच्या कामाला खरं तर आय३-१२१०० सुद्धा पुरेल. ग्राफिक्स तेच आहे. वाचलेले पैसे चांगल्या एसएसडीत आणि पॉवर सप्लायमध्ये घाला.

दुकानदाराने एएमडी सुचवलं तर अक्षराचा नियम उलटा होतो. एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) नावात ‘जी’ हवा : रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. एएम५ वर रायझन ७६०० सारख्या साध्या प्रोसेसरमध्येही छोटं ग्राफिक्स असतं, ७५००एफ मध्ये मात्र नसतं. तुमच्यासाठी आम्ही इंटेलच सुचवू, आणि त्याचं कारण यूट्यूब. यूट्यूबचे बरेच व्हिडिओ आता एव्ही१ स्वरूपात येतात. ते उलगडायची सोय यूएचडी ७३० मध्ये आहे, ५६००जी मध्ये नाही. तिथे सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडतो. व्हिडिओ अडत नाही, पण पंख्याचा आवाज वाढतो.

आता रॅम. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी वेग देते, दोन स्टिक ५१.२. तेव्हा १६ जीबीच्या एका स्टिकऐवजी ८-८ च्या दोन घ्या. एच६१० वर दोनच स्लॉट असतात, दोन्ही भरा. (चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा भरायचा, शेजारशेजारचे भरले तर दोन स्टिक असूनही वेग एकाचाच मिळू शकतो.) एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. बोर्डाचं पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या.

बोर्डाच्या माहितीपत्रकात एचडीएमआयची ओळ स्वतः वाचा. काही स्वस्त बोर्डांवर ती १.४ प्रकारची असते. ४के मॉनिटर लावला की तिथे ३० हर्ट्झच मिळतात. माउसचा बाण झटके देत सरकतो आणि लोक लिनक्सला दोष देतात. २.० असेल तर ४के ला ६० हर्ट्झ मिळतात. मॉनिटर फुल एचडी असेल तर हा प्रश्नच येत नाही.

लिनक्ससाठी खरी चौकशी नेटवर्कच्या चिपची करावी. तारेच्या इंटरनेटला रिअलटेक ८१११ किंवा इंटेल आय२१९ असली तर विशेष काही करावं लागत नाही. वायफाय हवं असेल तर इंटेलचं कार्ड घ्या. त्यातही एक खोच आहे : एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं इंटेलच्याच प्लॅटफॉर्मवर चालतात, कारण वायफायचा अर्धा भाग चिपसेटमध्ये असतो. एएमडी बोर्डासाठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० हवं.

शेवटी, पैसे चुकते करण्याआधी दुकानातच तपासा. मिंट २२ चा पेनड्राइव्ह घरून तयार करून न्या आणि इन्स्टॉल न करता त्यावरून मशीन सुरू करा. मॉनिटरचं पूर्ण रिझोल्यूशन दिसतंय का, केबल लावल्यावर इंटरनेट येतंय का, मशीन झोपवून उठवल्यावर स्क्रीन परत येते का, हे पाहा. झोपवणं-उठवणं तीनदा करा. मग टर्मिनल उघडून रोमन लिपीत आय-एन-एक्स-आय, जागा, वजा चिन्ह आणि कॅपिटल जी टाइप करा. उत्तरात ड्रायव्हर म्हणून ‘आय९१५’ आणि पुढे ‘यूएचडी ग्राफिक्स ७३०’ दिसलं पाहिजे. ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर ग्राफिक्स झोपलेलं आहे आणि चित्र प्रोसेसर काढतोय.

प्रश्न : रायझन ५ ८६००जी आणि बी६५० बोर्ड घेतला. उबुंटू २२.०४ चा जुना पेनड्राइव्ह होता, त्यावरून ‘सेफ ग्राफिक्स’ निवडूनच इन्स्टॉल झालं. आता १०२४ बाय ७६८ च्या वर रिझोल्यूशन जात नाही, खिडकी ओढली की अडखळते. बोर्ड खराब आहे का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बोर्ड ठीक आहे. मशीन उबुंटूपर्यंत पोचतं, म्हणजे बायॉसने (बोर्डातल्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) प्रोसेसर ओळखला आहे. अडलंय ते वयावर. २२.०४ सोबत आलेला कर्नेल (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात) ५.१५ हा २०२१ मधला, तुमचा प्रोसेसर जानेवारी २०२४ मधला. जन्माआधीच्या ड्रायव्हरला हे ग्राफिक्स माहीत असणं शक्य नाही. ‘सेफ ग्राफिक्स’ने ‘नोमोडसेट’ हा पर्याय लावून खरा ड्रायव्हर बाजूला ठेवला. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’ पानावर ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसेल.

२२.०४ ची डागडुजी करत बसू नका. नुसता कर्नेल बदलून भागत नाही. एएमडी ग्राफिक्सला फर्मवेअरच्या फायली आणि मेसा (लिनक्समधला ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) हेही नवे लागतात. २४.०४ चा नवा पेनड्राइव्ह बनवा (कर्नेल ६.८), कामाच्या फायली बाहेर काढून घ्या आणि साध्या पर्यायाने नव्याने इन्स्टॉल करा. नंतरही रिझोल्यूशन अडलं तर ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगच्या फाइलमध्ये ‘नोमोडसेट’ शब्द राहिला आहे का पाहा. असेल तर काढा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवून मशीन पुन्हा सुरू करा.

बायॉसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर’ नावाची सेटिंग दिसेल. ती ‘ऑटो’वरच राहू द्या. तिथे ४ जीबी दिले तर ते रॅममधून कायमचे कापले जातात. लिनक्सचा ड्रायव्हर तसाही लागेल तशी रॅम उचलतो.

प्रश्न : एचडीएमआयने टीव्ही जोडला. चित्र येतं, आवाज येत नाही.
– एक वाचक, पणजी

उत्तर : आवाज बोर्डाच्या हिरव्या जॅककडे जातोय. साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून एचडीएमआय निवडा. यादीत ते नसेल तर टीव्ही चालू ठेवून केबल काढून पुन्हा लावा.

प्रश्न : जुना जी४१ बोर्ड पडून आहे. त्यावर लिनक्स चालेल का? की त्याऐवजी ॲटम डी२५०० चा छोटा जुना बोर्ड घेऊ?
– एक वाचक, अकोला

उत्तर : जी४१ ठेवा. त्याच्या ग्राफिक्सला मेसामध्ये क्रोकस नावाचा ड्रायव्हर अजून आहे. रॅम शक्य तेवढी वाढवा (चिपसेटची मर्यादा ८ जीबी), एसएसडी लावा आणि मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. पत्रं, हिशेब, ईमेल नीट होतील. यूट्यूब ४८० वर ठेवा, कारण व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर असतो. डी२५०० घेऊ नका. त्यातलं ग्राफिक्स इंटेलचं स्वतःचं नाही, दुसऱ्या कंपनीच्या पॉवरव्हीआर रचनेचं आहे आणि लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये त्याला फक्त चित्र दाखवण्यापुरता ड्रायव्हर आहे, थ्रीडीचा वेग नाही.